सहावं मंगलाष्टक

माझं लग्न एका बाईनं लावलं, हे आता मी कौतुकानं सांगते. नाती डोळे मोठे करून ऐकतात, आणि जणू ती सगळी माझीच हिंमत होती अशी मी मान डोलावते. खरं सांगायचं तर मला ती बाई माझ्या मांडवात नको होती. मी तिच्या पाया पडून तिला नको म्हटलं होतं. हे नातींना अजून सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहून टाकते.

ती आमच्या गावच्या भटजींची मुलगी. गाव वैनगंगेच्या काठी, वडशापासून तीन कोस. आसपासच्या दहा-बारा गावांची लग्नं भटजीच लावायचे. ही मुलगी लग्न होऊन गेली आणि दोन वर्षांत मोकळ्या कपाळानं माहेरी परत आली. पुढं भटजींचे डोळे गेले, हातात काठी आली. पोथी वाचून दाखवायला घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ती वाचू लागली. आधी घरी वाचायची, मग मांडवात बापाच्या मागे बसून हळूच पुढचा शब्द पुरवायची. त्यानंतर भटजींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. नेमकी लग्नसराई ऐन भरात होती आणि शब्द दिलेले होते. तिनं बापाला बैलांच्या बंडीत घातलं, मांडवात नेऊन पाटावर बसवलं, त्यांचा लुळा हात स्वतःच्या हातानं उचलून आशीर्वादासाठी वर धरला आणि मंत्र आपणच म्हटले. कोणी हूं की चूं केलं नाही.

असं आठ-नऊ वर्षं चाललं. आवाज बाईचा, हात भटजींचा. आमच्या गावानं हे कधी बसून ठरवलं नव्हतं. ठरवायला बसले असते तर नाहीच म्हणाले असते. पण मंगलाष्टकं म्हणजे बाईचा आवाज, एवढं आमच्या कानांच्या अंगवळणी पडून गेलं होतं.

तिची आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ती मुहूर्त घड्याळावर धरत नसे. पाण्यानं भरलेल्या घंगाळात तांब्याची एक वाटी सोडायची. वाटीच्या बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. त्यातून पाणी आत चढत जायचं आणि बरोबर एका घटकेत वाटी तळाशी जायची. मंगलाष्टकं नावाला आठ. तिच्या बाबांची पद्धत पाचाची. एकीकडे वाटीकडे बघत ती सूर असा लांबवायची किंवा आखडायची की पाचव्याचं 'सावधान' आणि वाटीचं बुडणं एकाच क्षणी व्हायचं. तिचा मुहूर्त पापणी लवण्याइतकाही चुकत नाही, असं आमच्याकडची माणसं परगावी जाऊन सांगायची.

माझं लग्न माघात ठरलं. मुलगा सिंदेवाहीकडचा, बाप नसलेला. घरात त्याच्या काकांची चालायची. मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, जाऊन चार-पाच वर्षं झाली होती तरी काकांची चाल मालगुजाराचीच होती. सोयरीक ठरवताना त्यांनी विचारलं, "लगन कोन लावते तुमच्याकडं?" बाबा म्हणाले, "आमचे भटजी." त्यात खोटं काही नव्हतं. भटजी तेव्हा हयात होते. ते गेले फाल्गुनात. आणि बाबांनी वरपक्षाला काही कळवलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे, माझ्या बाबांना लपवाछपवी जमतच नसे. त्यांच्या मनात एवढंच की आवाज तर पहिल्यापासून बाईचा, मग बदललं काय? असली चूक फक्त आमच्या गावचा माणूसच करू शकला असता.

वैशाखात वरात आली. गोरज मुहूर्त होता. दुपार कलताना बंड्या आंबराईत जानोशाला, वरपक्षाच्या उताऱ्यावर, थांबल्या. मी आतल्या खोलीत गौरीहरापुढे बसले होते. आमची भिंत म्हणजे बांबूच्या तट्ट्याला लिंपलेलं शेण, त्यामुळे अंगणातलं कुजबुजलेलंही आत ऐकू येई. आणि काका कुजबुजणाऱ्यातले नव्हते.

"भटजी कुठी आहेत?"

"ते फाल्गुनात गेले, भाऊ," बाबा म्हणाले.

"गेले? मंग लगन कोन लावून राह्यलं?"

"त्यायची पोरगी. नवरा गेल्यापासून इथंच राह्यते. आवाज तं तिचाच होता ना पहिल्यापासून."

मग काका म्हणाले, "ते विधवा बाई? भल्या मानसा, आमच्याकडं तिले हळदीच्या अंगनात पाय ठेवू देत नाई. आन् माह्या पुतन्याचे मंगलाष्टकं तिच्या तोंडून? दुसरा भटजी आना. नाई तं बंड्या जुपतो मी."

दुसरा भटजी वडशाला. माणूस पळवला असता तरी तो परत येईपर्यंत मुहूर्त टळणार, आणि वैशाखातल्या त्या तिथीला तो कुठल्या तरी दुसऱ्याच मांडवात असणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी हळदीच्या अंगानं घामाघूम बसले होते. मांडवातून वरात परत गेलेल्या मुलीचं काय होतं ते मी पाहिलं होतं. आमच्याच गल्लीत एक होती. चाळिशी उलटली होती तिची. भावाच्या घरी शेण काढायची, आणि तिला तिच्या नावानं कोणी हाक मारत नसे, 'परतीची' म्हणायचे. मला तिच्याशिवाय दुसरं काही दिसेना.

तोडगा माझ्या मामानं काढला. मामा मोठा चतुर, निदान त्याला तरी तसं वाटायचं.

"भटजीची काठी आहे ना बाईजवळ? ते पाटावर ठेवा. लगन भटजीनंच लावलं असं समजून घ्या. बाई मागं बसून म्हनन. आजवर मागंच बसत होती."

काका म्हणाले, "काठी चालन."

मला हायसं वाटलं. अंगणातही सगळ्यांनी श्वास सोडला. पण थोड्या वेळानं बाबा तट्ट्याजवळ येऊन आईला सांगताना ऐकलं, "बाई नाई म्हनते. काठी देत नाई."

गौरीहराच्या पूजेला बाई आत आली तेव्हा खोलीत आम्ही दोघीच होतो. विटकं निळं लुगडं, अंगावर सुतळीचा तोडा नाही, कपाळ मोकळं. मंत्र म्हणताना तिची भाषा पोथीतली असे, एरवी ती आमच्यासारखंच बोलायची. मी पाटावरून उठले आणि तिचे पाय धरले.

"बाई, काठी ठेवा ना. तुमचं काय जाते? माहं सारं जाईन."

तिनं मला उठवलं नाही. मी खालीच होते. तिच्या पायांच्या भेगांत शेतातली लाल माती होती, ती माझ्या हळदीला लागली.

"तुले हेच पाहिजे?" तिनं विचारलं.

"हो."

"बरं," ती म्हणाली. आणि पूजा पुढे सुरू केली, जसं काही झालंच नाही.

ऊन उतरलं. तिनं घंगाळात वाटी सोडली. मामानं मला उचलून मांडवात आणलं, अंतरपाटामागे उभं केलं. माझ्या ओंजळीत हळदीचे तांदूळ दिले. आमच्याकडे नवरा-नवरीनं ते धरून ठेवायचे आणि अंतरपाट सरकला की एकमेकांच्या डोक्यावर टाकायचे. बाकीचे लोक प्रत्येक 'सावधान'ला टाकतात. नवरीनं मान वर करायची नसते, त्यामुळे मला अंतरपाटाखालून नवऱ्याचे पाय दिसत होते, आणि बाजूला घंगाळ. वाटी पाऊण भरली होती.

पाटावर काठी ठेवलेली होती. बाईनं स्वतःच ठेवली होती. मी मनात म्हटलं, सुटले.

बाई पुढे आली. पोथी उघडली, मिटली. मग वाकून तिनं ती काठी उचलली. मला फक्त तिचा हात दिसला. उचलताना काठी घंगाळाच्या काठावर आपटून वाजली.

"भाऊ," ती काकांना म्हणाली, "बाबा जाऊन अडीच महिने झाले. ह्या काठीनं मी त्यायले फिरवलं, ते गेले तवा हे काठी उशाशी होती. मेलेल्या मानसाची वस्तू पाटावर बसवून लगन लावायचं, हे कोन्या पोथीत आहे? मी विधवा आहे. पन मी जिती आहे."

विधवेचा अपशकुन टाळायला आम्ही सगळे शहाणे मिळून मेलेल्या माणसाला लग्नात बसवायला निघालो होतो, आणि हे एकट्या तिच्या लक्षात आलं होतं. तिनं काठी मांडवाबाहेर नेऊन कुडाला टेकवली, परत आली आणि पाटावर उभी राहिली.

आज हे लिहिताना ऊर भरून येतो. तेव्हा मला काय वाटलं? तेव्हा मला तिचा असा राग आला की वाटलं, हिचं मंगळसूत्र तुटलं म्हणून ही माझं बांधू देत नाही. असं अभद्र माझ्या मनात आलं होतं. 'बरं' म्हणाली होती ती मला. मला दिलेला शब्द मोडला तिनं.

"लावा लगन," काकांचा आवाज आला. "पाहू कोन अक्षता टाकते ते."

तिनं पहिलं मंगलाष्टक सुरू केलं. आवाज सुरुवातीला फाटला, मग लागला. 'सावधान' झालं.

एक दाणा पडला नाही.

ज्यांनी हे अनुभवलं नाही त्यांना कसं सांगू? लहानपणापासून त्या शब्दामागे तांदळाची सर ऐकायची सवय. ती आली नाही की अंगावर काटा येतो. वरपक्षानं मुठी आवळलेल्या होत्या. आणि व्याह्यांनी मुठी उघडल्या नाहीत म्हणून आमच्याकडच्यांनीही उघडल्या नाहीत. माझ्या बाबांनीसुद्धा. वाजंत्रीवाला एकदा चुकून सनई तोंडाला लावून थांबला. अक्षता न पडलेलं लग्न म्हणजे लग्न नव्हे. उद्या काका बंडी जुपून गेले असते आणि म्हणाले असते, कुठलं लग्न? कोणी पाहिलं?

दुसरं झालं. काही नाही. तिसऱ्याला कुठे तरी एक लहान मूल रडायला लागलं, त्याला आईनं बाहेर नेलं. बाईचा आवाज मात्र चढत होता. कोणीच नाही असं समजून गावं, तशी ती गात होती.

माझ्या ओंजळीत तांदूळ होते. घामानं ते तळव्यांना चिकटले होते. अंतरपाट सरकेपर्यंत टाकायचे नसतात, ते मला माहीत होतं. पण हेही कळत होतं की नवरीनंच टाकल्या तर पुढं कोणाच्या मुठी बंद राहायच्या नाहीत. हात हलवायचा फक्त. मी हलवला नाही.

चौथं झालं.

पाचव्याला वाटी काठोकाठ आली. मी बघत होते. पाणी तिच्या कडेवर थरथरलं, मग आत वळलं. 'सावधान' आणि वाटी तळाशी, एकाच क्षणी, नेहमीसारखं. मुहूर्त झाला. अंतरपाट धरणाऱ्या दोघांनी हात सैल केले. मांडवात एक दाणा नाही. मी डोळे मिटले.

आणि बाईनं सहावं सुरू केलं.

अंतरपाट पुन्हा ताठ झाला. मला वाटलं, घाबरून मोजायचं विसरली. वाटी बुडालेली दिसत नाही का हिला? हे मंगलाष्टक मी कधी ऐकलेलं नव्हतं. त्यात नद्यांची नावं होती, गंगा, यमुना, गोदा आणि शेवटी आमची वैनगंगा. ती ते फार सावकाश म्हणत होती. प्रत्येक नदीपाशी थांबत होती. मुहूर्त टळत चालला होता आणि ती थांबत होती. वैनगंगेपाशी तर इतकी थांबली की मला वाटलं आवाजच गेला. मग 'सावधान'.

अंतरपाटावरून माझ्या डोक्यावर मूठभर तांदूळ पडले.

एक पिवळा दाणा घंगाळात पडून तरंगत राहिला. तो मला अजून दिसतो. मागून कोणी तरी "अवो बाप्पा!" म्हणालं, आणि मग ती सर आली, आधी विरळ, मग दणकून. अंतरपाट सरकला. मी नवऱ्याच्या डोक्यावर माझे तांदूळ टाकले, घामाचे, चिकटलेले, अर्धे माझ्या तळव्यालाच राहिले.

पहिली मूठ माझ्या सासूची होती. विधवा म्हणून ती मुलाच्या लग्नात मांडवाच्या कडेला बंडीच्या चाकाजवळ उभी होती. तिच्या हातात अक्षताही कोणी दिल्या नव्हत्या. तिनं जवळच्या एका बाईची मूठ उघडून त्यातल्या घेतल्या आणि पुढे येऊन अंतरपाटावरून टाकल्या. हे तिनं मला सासरी पोचल्यावर चुलीपाशी सांगितलं. मी विचारलं, का टाकल्या. ती म्हणाली, "तिचा आवाज थकून राह्यला होता, पोरी. वाटलं, आता हे खाली बसन. ते बसली असती तं मी कुठी उभी राह्यली असती?"

काका सासूशी वर्षभर बोलले नाहीत. बाईला त्यांनी शेवटपर्यंत आपल्या दारात उभं केलं नाही. पण बाकीच्यांनी केलं. ती पुढं पंचवीसेक वर्षं लग्नं लावत राहिली, वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर, एकटी, बंडीत पाट आणि घंगाळ घालून. पाटावर पुन्हा कोणी काही ठेवायला सांगितलं नाही.

मी मात्र तिला टाळत राहिले. माझ्या मनात एक गोष्ट रुतून बसली होती आणि ती मी नवऱ्यालाही सांगितली नाही. वाटी बुडाली होती. माझं लग्न मुहूर्त टळल्यावर लागलं होतं, हे मी एकटीनं पाहिलं होतं. पहिलं मूल सव्वा महिन्याचं होऊन गेलं तेव्हा मी मनातल्या मनात बाईलाच बोल लावला. धानावर कीड पडली तेव्हाही. जिचा मुहूर्त कधी चुकला नाही, ती माझ्याच वेळी घाबरून चुकली, असं वर्षानुवर्षं उगाळत बसले.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा नवरा म्हणाला, बाईच पाहिजे. काका कधीचे गेले होते. सासूही तेव्हा हयात नव्हती. असती तर तीही तेच म्हणाली असती. बाई आली. बापासारखेच तिचेही डोळे गेले होते. तिचा हात धरून गावच्या शिंप्याची मुलगी चालत होती. बाईनं तिला सगळं शिकवलं होतं. मंत्र बाईचे आणि वाटीवर नजर त्या मुलीची, असं आता चालायचं.

गौरीहराच्या खोलीत मी तिला पाणी दिलं. तिनं आवाजावरून ओळखलं. मला राहवलं नाही.

"बाई, माह्या लगनात मुहूर्त चुकला होता. वाटी बुडाली होती. मी पाह्यली."

"मीबी पाह्यली," ती म्हणाली.

"मंग पुढं कायले म्हटलं?"

तिनं पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं. हातानं चाचपून माझी मनगटं धरली आणि दोन्ही हात जुळवून त्यांची ओंजळ केली.

"तुझ्या हातात तांदूळ होते," ती म्हणाली. "मले वाटलं, हे पोरगी टाकन. पाचही झाले, तरी वाटलं, टाकन. म्हनून अजून एक म्हटलं. जन्मात एकदाच मुहूर्त जाऊ देल्ला मी. तुझी वाट पाहून राह्यली होती."

बाहेरून हाक आली. शिंप्याच्या मुलीनं तिला उठवलं आणि दोघी मांडवात गेल्या. मी ओंजळ तशीच धरून बसले होते. कोणी तरी अक्षतांचं ताट घेऊन आलं तेव्हा उठले आणि अंतरपाटाजवळ, अगदी पुढे जाऊन उभी राहिले. पहिलं 'सावधान' पुरतं व्हायच्या आधीच मी मूठ टाकली. त्या घाईत बरेच दाणे बाईच्या खांद्यावर पडले. तिनं ते झटकले नाहीत.